इतिवृत्त

एकतीस वर्षं ग्रामसेवक म्हणून मी बहुतेक एकच वाक्य लिहिलं:
"सर्वानुमते मंजूर."
सर्वांचं मत त्या वेळी कुठं असायचं,
ते लिहायला रजिस्टरात रकाना नव्हता.

आर्णीच्या कॉलेजात, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला
निमजे सरांनी एका कारकुनाची गोष्ट सांगितली होती.
पाचशे वर्षांपूर्वीचा, फ्लोरेन्स गावचा.
सत्ता पालटली, नोकरी गेली, दोराला टांगून घेतलं त्याला,
मग शेतावर बसून त्यानं लिहून काढलं
राज्य कसं मिळतं, कसं टिकतं, कसं हातचं जातं.
चांगुलपणाला जरा सरकून बसायला सांगून.
"लोकांनी राजाला भ्यावं की त्याच्यावर माया करावी?
चर्चा करा. गुण दहा."
मी पाठ केलेलं उतरवलं. साडेपाच मिळाले.

उकंडराव भोयर चौथी नापास.
सरपंच कधी झाले नाहीत.
ग्रामपंचायतीसमोर, झिंगरेच्या पानठेल्यावर बसायचे,
आणि आत खुर्चीतला माणूस
सही करायच्या आधी खिडकीतून बाहेर पाहायचा.

बेबीनंदा मडावी राखीव जागेवरून सरपंच झाली,
गुलाल उकंडरावांनीच आणला.
सात महिन्यांनी तिनं नाल्यावरच्या बंधाऱ्याची मोजणी मागितली.
कागदावर चाळीस मीटर.
टेपनं सव्वीस.
टेपचं एक टोक तिच्या हातात होतं, दुसरं माझ्या.
माझी थरथर त्या टोकाला पोचली असावी.
ती काही बोलली नाही.

सात सदस्य चिखलदऱ्याला सहलीला गेले.
मोबाईल एका पिशवीत, पिशवी ड्रायव्हरच्या सीटखाली.
परतले ते थेट अविश्वास ठरावाच्या सकाळी,
एप्रिलच्या उन्हात
डोक्यावर एकाच दुकानातल्या लोकरीच्या टोप्या.
गोपीचंद गेडाम, तिचा सख्खा मावसभाऊ,
हात वर करताना टोपी सावरत होता.
सात विरुद्ध दोन.
कारण: मनमानी कारभार.
"भाऊ, सव्वीस मीटर, हेही लिहा," ती म्हणाली.
तहसीलदारांनी माझ्याकडे पाहिलं.
मी खिडकीकडे.

संध्याकाळी उकंडरावांनी बाकावर जागा दिली, पान दिलं.
तोंडात पान असलं की धीर येतो. विचारलं,
भीती बरी, का माया?
ते हसले. "अबे, माया म्हंजे?
थो नाला माया. थो ठेला माया. थो गोप्या माया.
माया नाही त कोनाचा?"

माया. आमच्या बोलीत 'माझा'ला हेच म्हणतात.
जन्मभर बोललो होतो तो शब्द,
आणि परीक्षेत मात्र त्याचा अर्थ प्रेम असा धरला.

सप्टेंबरात नाला आला.
जे चौदा मीटर नव्हते, तिथूनच आला.
उकंडराव कमरेइतक्या पाण्यात उभे राहून
घरोघरी ताडपत्र्या वाटत होते,
आणि लोक म्हणत होते, बापच हाय.
ताडपत्र्या कुठल्या पैशांच्या, हे दोघांनाच ठाऊक.
एक वाटत होता, दुसरा यादी लिहीत होता.

पुढच्या निवडणुकीत ती पुन्हा आली.
उपसरपंचाच्या निवडीआधी तिच्या दारात जीप उभी,
सदस्यांच्या बॅगा टपावर,
तिच्या हातात मोबाईलची पिशवी.
मी नुसता पाहत राहिलो.
"चौदा मीटर बांधाचे हायेत ना भाऊ,"
ती म्हणाली, आणि पिशवीला गाठ मारली.
गाठ तिला एका दमात जमली, याचंच मला वाईट वाटलं.
आनंदही.

निमजे सर गेले. उत्तरपत्रिका कुठं रद्दीत असेल.
तो कारकून राजांना शिकवत होता, असं मी लिहिलं होतं.
उकंडरावांना कुणी शिकवलं?
आता वाटतं, तो लिहीत होता
टेपचं दुसरं टोक धरून उभ्या असलेल्यासाठी.

चार्ज देताना, शेवटच्या पानावर, सहीच्या खाली,
ठराव नसताना, कुणी मांडलेलं नसताना
मी लिहिलं: सव्वीस.
'मीटर' लिहायचा धीर झाला नाही.